माद्रिदमधला अनवाणी मठ

सोल चौकातली गर्दी मागे टाकून पाच मिनिटं चाललं की एका छोट्या चौकात दगड-विटांची साधी भिंत समोर येते. देस्काल्सास रेआलेस, म्हणजे राजघराण्यातल्या अनवाणी जोगिणींचा मठ. माद्रिदला मी खरं तर या एका दारासाठीच आले होते.

तोमास लुइस दे विक्तोरिया या संगीतकाराची मृतांसाठीची मिस्सा, म्हणजे चर्चमधली गायलेली उपासना, मी कित्येक वर्षं ऐकते आहे. सम्राज्ञी मारिया १६०३ मध्ये वारल्या, त्यांच्यासाठी त्याने ती रचली आणि १६०५ मध्ये इथेच माद्रिदला छापली. मारिया स्पेनचा राजा दुसरा फिलिप याची बहीण. वैधव्य आल्यावर त्या या मठात येऊन राहिल्या. त्यांची मुलगी मार्गारिता इथेच जोगीण झाली होती, आणि छापील प्रत विक्तोरियाने तिलाच अर्पण केली. तो स्वतः आविलाचा, तरुणपणी रोममध्ये शिकलेला, पाद्री झालेला. देवाधर्माबाहेरचं एकही गाणं त्याने लिहिलं नाही.

आत एकट्याने फिरता येत नाही, फोटोही काढू देत नाहीत. जोगिणी अजून इथे राहतात, त्यामुळे ते योग्यच वाटलं. भिंतींपासून छतापर्यंत रंगवलेला जिना चढताना आमचा गट आपोआप गप्प झाला. जोगिणींच्या जुन्या निजायच्या दालनात रुबेन्सच्या चित्रांवरून विणलेले प्रचंड पडदे आहेत. बाकीचे लोक तिथे रेंगाळले. माझं लक्ष मात्र जोगिणींच्या प्रार्थनेच्या दालनाकडे होतं. तिथे सम्राज्ञीची कबर आहे.

विक्तोरिया १६११ मध्ये याच मठाच्या पाद्र्यांच्या निवासात वारला आणि इथेच पुरला गेला. पण नेमका कुठे, ते कुणालाच ठाऊक नाही. मी मार्गदर्शक बाईंना माझ्या मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये विचारलं. त्यांनी हळूच फरशीकडे हात केला आणि तो हात दालनभर फिरवला. मला भरून आलं. ज्या बाईसाठी एवढं संगीत रचलं तिची जागा दाखवता येते, रचणाऱ्याची नाही.

त्या मिस्सेतही तसंच काहीसं आहे. बहुतेक ठिकाणी आधी एकच आवाज चर्चची जुनी, कुणी रचली ते माहीत नसलेली चाल उचलतो. मग सहाही आवाज येतात, आणि ती चाल वरच्या दोन आवाजांपैकी एकात लांबवलेल्या स्वरांनी चालत राहते. बाकीचे पाच तिच्याभोवती इतके दाट होतात की ती मुद्दाम शोधावी लागते. पहिल्यांदा सापडली तेव्हा मी रेकॉर्ड थांबवून पुन्हा सुरुवातीपासून ऐकली होती.

बाहेर येऊन चौकातल्या बाकावर बसले, कानात हेडफोन घातले. मिस्सेच्या त्याच छापील प्रतीतलं ‘वेर्सा एस्त इन लुक्तुम’ हे गाणं लावलं. शब्द बायबलमधल्या ईयोबाचे: माझी वीणा शोकात बुडाली, माझ्या बासरीचं रडणं झालं. पुढे तो देवाला म्हणतो, मला सोड, माझे दिवस म्हणजे काहीच नाहीत. तिथे विक्तोरिया आवाज चढवत नाही. सहाही जण जवळजवळ एकत्र, थांबत थांबत ती ओळ म्हणतात. या प्रतीनंतर त्याने काही छापलं नाही. उरलेली वर्षं तो या भिंतीच्या आत ऑर्गन वाजवत राहिला.

गाणं संपलं तेव्हा मठाचं दार दुपारसाठी बंद झालं होतं.