भोक बरं झालं का?

मंगळवार, रात्र

"ताई, माझ्या पानाचं भोक बरं झालं का?"

मी "हो" म्हणाले. एवढंच. दिवसभर ते "हो" पायात रुतलेल्या कुसळासारखं बोचतंय.

पानाचं भोक बरं होत नाही. कधीच नाही. त्याच्या कडा सुकतात, आणि कोवळं पान वाढेल तसं भोकही त्याच्याबरोबर मोठं होतं. झाड जुनं पान शिवत बसत नाही, नवीन काढतं. साडेचार वर्षांच्या मुलीने भोक नाहीसं झालेलं बरोबर टिपलं, आणि मी एका शब्दात तिला खोटं विज्ञान शिकवलं. कारण काल सगळे गेल्यावर तिचं मेलेलं रोप उचलून तिथे जादाचं ठेवणारी मीच.

जादाची रोपं असतातच. 20 मुलं असली तर 30 बिया लावायच्या, हे ठरलेलं. घेवड्याचीच बी घ्यायची, कारण ती चिमुकल्या चिमटीत मावते आणि हरवत नाही. 8 ते 12 तास भिजवायची. त्याहून फार राहिली की आंबते. पेल्याच्या तळाला चार भोकं, वर भुसभुशीत माती, दाबायची नाही. बी मुलाच्या बोटाचं पहिलं पेर बुडेल इतकी खोल, म्हणजे साधारण 2 सेंटिमीटर. उबदार हवा असली तर 5 ते 8 दिवसांत वाकलेल्या मानेचा अंकुर माती उचलतो. त्या दिवशी वर्गात काय गोंधळ होतो ते लिहीत नाही.

हे सगळं पाठ आहे. जादाची ठेवायची ती उगवली नाही त्याच्यासाठी. मेलं ते लपवण्यासाठी नव्हे.

आणि मेलं कशाने? पाण्याने. या वयात माया म्हणजे पाणी. सुट्टीनंतरच्या सोमवारी तर प्रत्येकाला वाटतं, आपलं रोप दोन दिवस तहानेलं आहे. तिच्या पेल्याची भोकं चिखलाने बुजली होती. पेला उचलून तळ बघायला किती वेळ लागतो? मी बघितला नाही. मातीच्या कणांमध्ये हवा असते. तिथे पाणी साचलं की मुळांना प्राणवायू मिळत नाही, ती कुजतात, आणि कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. मग पानं माना टाकतात, अगदी तहानेल्या रोपासारख्याच. मूल ते बघतं आणि आणखी पाणी ओततं. बिचारीने तेच केलं, तीन दिवस, माझ्यासमोर.

झारी हातात द्यायचीच नव्हती. बाटलीच्या झाकणाला दाभणाने पाच-सहा भोकं पाडली असती तर पुरलं असतं. आधी बोट मातीत खुपसायचं. माती बोटाला चिकटली तर आज पाणी नाही, कोरडी भुरभुरली तर दोन चमचे. मलूल पान दोन्ही वेळा सारखंच दिसतं, खरं काय ते बोट सांगतं. एवढा एकच धडा द्यायचा होता या महिन्यात. तो देणारं रोप मी रातोरात गायब केलं. रडारड नको म्हणून. कुणाच्या रडण्याची भीती होती, तिच्या की माझ्या? गेल्या वर्षी मोठ्या बाई जे म्हणाल्या होत्या ते... जाऊ दे.

लहान मुलांना हलतं ते जिवंत वाटतं, हे मुलांच्या विचारांचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ पियाजेने 1920 च्या दशकातच नोंदवून ठेवलंय. सूर्य जिवंत, ढग जिवंत, सायकलसुद्धा. न हलणारं झाड त्यात बसवणं त्यांना जड जातं. आणि ही पोर विचारते, "बरं झालं का?" म्हणजे तिने झाडाला जिवंतांत घेतलं होतं. माझ्या मदतीशिवाय. आणि मी म्हणाले, "हो".

किती वेळा लिहिणार तेच.

बरं, एक गोष्ट शहाणपणाची झाली, तीही सवयीने. मेलेलं रोप कचऱ्यात नाही, खताच्या बादलीत गेलं. एक भाग ओल्या कचऱ्याला दोन-तीन भाग कोरडा पाला, या हिशेबाने वर पाल्याचा थर पडलाय. दोन रात्रींत काही त्याची माती होत नाही. (पाला कमी पडला की बादलीला सडका वास सुटतो, पण तो रडण्याचा विषय वेगळा.)

उद्या दोन्ही रोपं शेजारी ठेवायची आणि जे केलं ते सांगायचं. चांगलं मूळ पांढरं, टणक. कुजलेलं तपकिरी, चिमटीत धरून ओढलं की साल हातात येते आणि आत नुसता दोरा उरतो. ओढायचं तिनेच, वासही तिनेच घ्यायचा, मग साबणाने हात. रडेल कदाचित. किंवा "शीऽऽ" करून आणखी चौघांना गोळा करेल, आणि मुळाची साल ओढायला रांग लागेल. गेली दोन वर्षं मी उगाच निरोगी मुळंच दाखवत होते, असंही निघेल त्यातून.

जादाच्या रोपाचं काय करायचं ते तिलाच विचारते. नको म्हणाली तर नको.

सकाळी अर्धा तास लवकर जाऊन बादली उपसायला हवी. वरच्याच थरात असेल. पानाला भोक आहे, ओळखू येईल.