आधी आकृत्या, मग गोषवारा

पीएचडीला लागल्यापासून शोधनिबंध वाचायची माझी पद्धत उलटी झालीय. आधी थेट आकृत्या बघायच्या, त्यावरून आपला निष्कर्ष काढायचा आणि मगच लेखक काय म्हणतात ते वाचायचं. गोषवारा सगळ्यात शेवटी. ही माझ्या गाईड मॅडमनी लावलेली सवय. सुरुवातीला जाम वैताग यायचा, खरं सांगते.

पण त्यामुळे एरर बारकडे, म्हणजे आलेखात मोजमापांचा विखुरलेपणा किंवा अनिश्चितता दाखवणाऱ्या छोट्या दांड्याकडे, नजर जायला लागली. तो दांडा प्रमाण विचलनाचा (मोजमापं किती विखुरलीत) की प्रमाण त्रुटीचा (सरासरीचा अंदाज किती नेमका)? प्रमाण त्रुटी म्हणजे विचलन भागिले नमुनासंख्येचं वर्गमूळ. 9 नमुने असतील तर दांडा थेट एक तृतीयांश! आलेख कसा नीटनेटका दिसतो, मोजमापं मात्र होती तेवढीच विखुरलेली. आणि ते 9 तरी खरे 9 का? एकाच प्लेटच्या 9 वेल्समध्ये (छोट्या खळग्यांमध्ये) एकाच फ्लास्कमधल्या पेशी टाकल्या असतील, तर जीवशास्त्राच्या हिशेबाने तो एकच नमुना. आकृतीखालच्या बारीक टाइपात हे लिहिलेलं असायला हवं. नसलं की मी समासात प्रश्नचिन्ह मारते.

कंट्रोलचं, म्हणजे तुलनेसाठी ठेवायच्या नमुन्याचं, तर विचारूच नका. औषध ज्या द्रावकात विरघळवलं, नुसता तो द्रावक घातलेल्या पेशी कुठायत?

जर्नल क्लबमध्ये, म्हणजे शोधनिबंधांवर चर्चा करायच्या आमच्या बैठकीत, मात्र नुसती खुसपटं काढून भागत नाही. “बरं, मग तू कोणता प्रयोग केला असतास?” हा मॅडमचा प्रश्न ठरलेला. त्याचं उत्तर तयार नसेल तर मी हात वर करत नाही.