क्लचवाला गिअरबॉक्स का बसवला नाही?

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या पेट्रोल पंपावर माझी १९६५ सालची शेव्हरोले इम्पाला उभी राहिली, आणि तिचा मूळ ऑटोमॅटिक गिअरबॉक्स काढून मी दुसरा ऑटोमॅटिकच बसवला आहे हे कळले, की कोणीतरी जवळ येऊन विचारतेच : "साहेब, ॲव्हरेजसाठी एवढा खटाटोप केलात, मग सरळ क्लचवाला गिअरबॉक्स का नाही टाकला? ऑटोमॅटिक पेट्रोल जास्त खाते ना?" पंपावर उभ्या उभ्या याचे उत्तर धड देता येत नाही, म्हणून येथे सविस्तर देतो.

गाडीत मूळ जो पॉवरग्लाइड नावाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स होता, त्याच्यापुरती ही समजूत खरीच होती. त्याला गिअर दोनच, आणि वरच्या गिअरमध्ये इंजिनाचा फेरा आणि मागच्या ॲक्सलकडे जाणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचा फेरा जवळजवळ एकास एक. माझ्या मागच्या ॲक्सलचे प्रमाण ३.३६ आहे आणि चाक एका फेऱ्यात सुमारे २.१५ मीटर अंतर कापते. म्हणजे पुणे रस्त्यावर ताशी ८० किलोमीटरने जाताना इंजिनाला मिनिटाला सुमारे २,०८० फेरे घ्यावे लागतात, आणि टॉर्क कन्व्हर्टरमधील, म्हणजे क्लचऐवजी तेलातून शक्ती पुढे देणाऱ्या भागातील, तेलावर जे सरकणे होते त्यामुळे प्रत्यक्षात आणखी शंभरेक. सरळ, सपाट रस्त्यावर गाडी नुसती वाहती ठेवायला एवढ्या फेऱ्यांची गरज नसते. थ्रॉटल अर्धवट मिटलेले असताना हवा आत ओढण्यातच इंजिनाची शक्ती खर्च होते, आणि तेल घुसळण्यात जे वाया जाते त्याची नुसती उष्णता होते.

तेव्हा पेट्रोल खात होते ते हे जादाचे फेरे आणि हे सरकणे. गाडी ऑटोमॅटिक असणे हा दोष नव्हता. दोन्हींवर उपाय ऑटोमॅटिकमध्येच उपलब्ध होता. कन्व्हर्टर आतून क्लचने जखडून टाकण्याची, म्हणजे लॉक-अपची, युक्ती पॅकार्ड कंपनीने १९४९ सालीच वापरली होती; पण त्या काळी अमेरिकेत पेट्रोल स्वस्त असल्यामुळे ती मागे पडली आणि १९७३ च्या तेलसंकटानंतर पुन्हा वर आली. जनरल मोटर्सने १९८१ साली आणलेल्या २००-४आर या गिअरबॉक्समध्ये लॉक-अपही आहे आणि ०.६७ प्रमाणाचा चौथा गिअरही. त्या गिअरमध्ये माझे इंजिन ८० च्या वेगाला सुमारे १,४०० फेऱ्यांवर येते. पुढच्याच वर्षी आलेला ७००-आर४ अधिक प्रसिद्ध आहे, पण तो लांबीला जास्त आणि त्याचा पहिला गिअर ३.०६ चा, दुसरा एकदम १.६३ चा, २००-४आरमध्ये हीच उडी २.७४ वरून १.५७ अशी सौम्य आहे. क्लचवाला बॉक्स घ्यायचा तर पेडल, लिंकेज, मधली जमीन असे सगळेच कापावे लागले असते, आणि स्टिअरिंगवरचा तो गिअरचा दांडा गेला असता. तो मला काढायचा नव्हता.

म्हणून मी २००-४आर निवडला. तसा एक बॉक्स मुंबईत एका संग्राहकाकडे पडून होता. तो मी अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतील ओळखीच्या शेडमध्ये पूर्ण खोलला. येथे एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण ती सोलापुरात फार सहज चुकते : गिअरबॉक्सचा एकही भाग कापडाने पुसायचा नाही. आपल्याकडे गॅरेजमध्ये टॉवेलच्या चिंध्या हाताशी असतात, आणि त्यांचा एक धागासुद्धा व्हॉल्व्ह बॉडीतील, म्हणजे तेलाच्या वाटा उघडून-मिटून गिअर बदलणाऱ्या भागातील, व्हॉल्व्ह अडकवायला पुरेसा असतो. सगळे भाग केरोसीनने धुवायचे आणि कॉम्प्रेसरच्या हवेने वाळवायचे. नव्या क्लच प्लेट (ऑटोमॅटिकच्या आतही गिअर धरायला क्लच असतात) बसवण्यापूर्वी तेलात भिजत ठेवायच्या, प्रत्येक क्लचमधील फट फीलर गेजने मोजायची, आणि व्हॉल्व्ह बॉडी लावण्याआधी तेलाच्या वाटांमधून हवा सोडून प्रत्येक पिस्टन ठक्क आवाज करून बसतो का ते ऐकायचे. या ऐकण्यात माझी एक अख्खी दुपार गेली, आणि ती सत्कारणी लागली असे मी मानतो.

खरी चूक झाली ती बाहेरच्या केबलमध्ये. कार्ब्युरेटरपासून बॉक्सपर्यंत जाणारी ही केबल पाय किती दाबला आहे हे बॉक्सला कळवते, आणि त्यावर आतल्या तेलाचे प्रेशर ठरते. पाय पूर्ण दाबल्यावर ती पूर्ण ओढली जात होती, म्हणून मी निर्धास्त राहिलो. पण माझ्या जुन्या कार्ब्युरेटरच्या लिव्हरची त्रिज्या वेगळी असल्यामुळे थोड्या दाबाला ती फारच कमी ओढली जात होती, म्हणजे प्रेशर कमी पडून प्लेट घसरत होत्या. मोहोळच्या पुढे गाडी थांबवून तेल पाहिले, तर करपल्याचा वास आला. चौथ्या गिअरच्या प्लेट काळ्या पडल्या होत्या. पुन्हा सगळे खोलले, लेथवर योग्य त्रिज्येचा लिव्हर करून घेतला आणि प्रेशर गेज लावून थ्रॉटलच्या प्रत्येक टप्प्यावर प्रेशर तपासले. ज्यांना हे काम करायचे आहे त्यांनी गेज आधी विकत घ्यावा, बॉक्स नंतर.

लॉक-अपच्या तारेत मी ब्रेकचा स्विच आणि इंजिनाच्या ओढीने हवेच्या नळीत तयार होणाऱ्या व्हॅक्युमवर चालणारा स्विच घातला आहे. तुळजापूरच्या घाटात चढावर पाय दाबला की व्हॅक्युम पडतो आणि लॉक-अप आपोआप सुटते. नाहीतर एवढ्या कमी फेऱ्यांवर इंजिन धापा टाकू लागले असते. उन्हाळ्यात येथे पारा चाळिशीच्या वर जातो, म्हणून रेडिएटरच्या पुढे तेलाचा वेगळा कूलर बसवला आहे.

आता हिशोब. टाकी काठोकाठ भरून, पुण्याला जाऊन, पुन्हा काठोकाठ भरून मी मोजतो. पूर्वी लिटरला ६.२ किलोमीटर पडत होते, आता ७.४ पडतात. म्हणजे एका बाजूच्या अडीचशे किलोमीटरमागे साधारण साडेसहा लिटरची बचत. शहरात, नवी पेठेच्या गर्दीत, फरक जवळजवळ नाही, कारण तेथे चौथा गिअर लागतच नाही. कामाला दीड लाखाच्या पुढे खर्च आला, आणि माझ्या वापरात तो पेट्रोलमधून भरून निघणार नाही. पण पूर्वी वर्षातून एकदा पुण्याला जाणारी गाडी आता महिन्यातून एकदा जाते.