भेगाळलेली हिरवळ

उन्हाळा ऐन भरात आला की लॉनला पहिली भेग पडते. आधी नखाच्या ओरखड्याएवढी. आठवड्याभरात तिच्यात करंगळी जाते, आणि पंधरा दिवसांनी हातातली किल्ली निसटली तर गेलीच. माझी गेली आहे. तार घालून पाहिली, चुंबक सोडून पाहिलं. काही उपयोग झाला नाही.

चिकणमातीचं वागणं कंजूष सावकारासारखं. तिचे कण 0.002 मिलिमीटरहूनही बारीक. ते एकमेकांना असे चिकटून बसतात की पाण्याला आत शिरायला धड वाट मिळत नाही. ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. पाणी मात्र वाळूपेक्षा कितीतरी जास्त साठवते. गवत मान टाकतं तेव्हाही तिच्या पोटात पाणी असतंच, फक्त मुळांसाठी तिची मूठ सुटत नाही!

पहिल्या उन्हाळ्यात हे काही ठाऊक नव्हतं. रोज संध्याकाळी फवारा लावायचा, गवत चकाकलं की समाधानाने घरात. एकदा सहज स्क्रूड्रायव्हर खुपसून पाहिला, तर दोन बोटंसुद्धा आत जाईना. वर चिखल, खाली वीट. अशी माती तासाला 1 ते 5 मिलिमीटर पाणी पिते आणि फवारा ओततो त्याच्या कितीतरी पट. उरलेलं सगळं मी इमानेइतबारे गटाराला पाजत होतो.

आता पाणी हप्त्याहप्त्याने देतो. पहाटे दहा मिनिटं फवारा, मग तासभर बंद, पुन्हा दहा मिनिटं. असं स्क्रूड्रायव्हर वीतभर आत जाईपर्यंत. त्यानंतर चार-सहा दिवस नळाकडे फिरकायचंच नाही. चालल्यावर पावलांचे ठसे तसेच राहिले, गवत उठून उभं राहिलं नाही, की पाण्याची वेळ झाली समजायचं. रोज थोडं थोडं पाणी मिळालं की मुळंही आळसावतात, वरच्या वरच राहतात.

कापणीत हात आखडता घ्यायला मात्र वर्षं लागली. बारीक कापलेलं गवत टापटीप दिसतं खरं, पण उघडी पडलेली माती तव्यासारखी तापते. म्हणून एका वेळी पात्याचा एक तृतीयांशच भाग कापायचा, आणि कापलेलं तिथेच पडू द्यायचं. वाळू मिसळण्याचा उत्साहही मी एका कोपऱ्यात करून बसलो आहे. चिकणमातीत थोडीशी वाळू म्हणजे वीट थापण्याचीच कृती. तो कोपरा आजही कुदळीला दाद देत नाही. कंपोस्ट पातळ पसरत राहिल्याने बाकीची जागा जरा भुसभुशीत झाली, तीही फार सावकाश.

गेल्या उन्हाळ्यात पाण्याचीच टंचाई होती, तेव्हा नळी गुंडाळून ठेवली. आमची हिरवळ हरळीची. बघता बघता ती पेंढ्याच्या रंगाची झाली. येणारा-जाणारा हळहळायचा, "मेलं का हो?" मी एक झुबका हलकेच ओढून दाखवायचो. तो उपटून हातात यायचा नाही, बुडाशी कांडी अजून ताजी असायची. झोपलं होतं, एवढंच. अशा झोपेत खत घालणं म्हणजे निजलेल्याला उठवून जेवायला बसवणं, ते मात्र टाळलं.

पाऊस पडला आणि आठ-दहा दिवसांत कोंब दिसू लागले. भेगाही मिटल्या. यंदा त्या पुन्हा उघडल्या आहेत, पण हातभर सरकून. टॉर्च घेऊन वाकतो, तेव्हा घरचे विचारतात, "गवताला काही झालंय का?" किल्ली शोधतोय, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.