बार्नेकलच्या फोटोतून अमूर्त चित्र

ओहोटीला ठाणे खाडीतल्या जेट्ट्यांच्या खांबांवर, किंवा दिवाळे कोळीवाड्यात किनाऱ्यावर ओढलेल्या होड्यांच्या तळाला, जांभळट रेघांचे पांढरे खरखरीत शंकू दिसतात, ते बार्नेकल. कोळंबीच्या गोतावळ्यातला हा जीव. बाहेर सहा पाट्यांची भिंत, वर चार पाट्यांचं झाकण. चित्राला हवी असते ती झाकणाची नागमोडी फट आणि भिंतीवरच्या रेघा.

उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, इकडे पूर्ण ओहोटी साधारण सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास असते, खाडीत आत थोडी उशिरा. तिरपा उजेड आणि उघडे खांब एकदमच मिळतात. दर दिवशी ही वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी तितकं उतरत नाही. कडा ब्लेडसारख्या असतात, हातमोजे घाला. चिखलात उतरू नका. जिवंत बार्नेकल खरवडायचं नाही. गाळ बसला असेल तर खाडीचंच पाणी आणि मऊ ब्रश पुरतो.

एपीएस-सी (मध्यम आकाराच्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर १:१ मॅक्रोला, म्हणजे वस्तू सेन्सरवर आहे त्याच आकारात उमटते तेव्हा, चौकट जेमतेम २४ × १६ मिमी, म्हणजे एक मोठं बार्नेकल तिच्यात मावतं. लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ/८ ला ठेवलं तर फोकसची खोली, म्हणजे स्पष्ट दिसणारा पट्टा, साधारण ०.६ मिमी असते आणि शंकू पाच-सहा मिमी उंच. छिद्र आणखी लहान, एफ/२२, करून भागत नाही, डिफ्रॅक्शनने (बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्याने) सगळंच मऊ होतं. ट्रायपॉडवरून ०.४ मिमीच्या टप्प्यांनी १५ फोटो घ्या आणि फोकस स्टॅकिंग करा, म्हणजे प्रत्येकातला स्पष्ट भाग जोडून एकच फोटो बनवा. तरंगत्या होडीवर हे जमत नाही, फोटो एकमेकांवर बसत नाहीत. ओल्या कवचाची चमक लेन्सवरचा पोलरायझर फिल्टर कापतो. नाही कापली तर तिथे नुसते पांढरे डाग उरतात, आणि ते पुढे कशानेच भरून येत नाहीत.

पुढचं काम गिंप या फोटो एडिटरमध्ये, १६ बिटवर, म्हणजे रंगांच्या जास्त बारीक पायऱ्यांवर. ८ बिटवर ग्रेडियंट मॅप (उजेड-अंधाराच्या छटांना नवे रंग देणारा फिल्टर) लावला की रंगात पट्टे पडतात. कॅलिडोस्कोप फिल्टर मी टाळतो: कुठलाही फोटो घाला, शेवटी टाइल्सचं डिझाइनच निघतं. खरी गंमत वेव्हलेट डीकंपोझ या फिल्टरमध्ये आहे. तो फोटोचे बारीक ते जाड पोताचे थर वेगळे करतो आणि ढोबळ रंग-उजेड तळाच्या थरात ठेवतो. मोठ्या फोटोला नेहमीच्या ५ ऐवजी ७ थर मागा. पहिला, सर्वात बारीक थर बंद करा, कारण गाळाचे कण आणि नॉइज (फोटोतले रवाळ ठिपके) त्यातच असतात. मधल्या थरांपैकी एखाद्याची डुप्लिकेट काढली की रेघा ठसठशीत होतात. दोन काढल्या तर कडांभोवती वलयं दिसू लागतात. मग तळाचा थर काढून तिथे गंजलेल्या पत्र्याचा खूप ब्लर केलेला फोटो ठेवा. भूमिती बार्नेकलची राहते, रंग पत्र्याचा येतो.

१२ × १८ इंची प्रिंटला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) ३६०० × ५४०० पिक्सेल लागतात. २४ मेगापिक्सेलच्या फोटोत तेवढे जेमतेम असतात, त्यामुळे क्रॉप जवळजवळ नाहीच; चौकट जागेवरच ठरवा. मॅट कागदावर गडद जांभळा काळा पडतो. आधी त्याच कागदावर चार इंची पट्टी छापून बघा आणि सावल्या गिंपच्या कर्व्ह्ज टूलने थोड्या उचला, म्हणजे उजळा.