तुम्ही विचारलंत म्हणून: तेराच्या तेरा जिंकून पाचवे

गणपतीची आरती झाली, पानं वाढायला घेतली की इथे अमेरिकेत, फ्लोरिडातल्या टॅलाहसीत नवीन आलेलं कुणीतरी हमखास विचारतं. आमच्या भिंतीवरच्या फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या गडद लाल-सोनेरी झेंड्याकडे बोट दाखवून म्हणतं, "तेवीस साली तुमची फुटबॉल टीम एकही मॅच हरली नव्हती म्हणे. मग तिला पहिल्या चारांत का घेतलं नाही? आणि तुम्हाला त्याचं अजून इतकं का लागतं?" हातात वरणाचं भांडं असताना याचं नीट उत्तर देता येत नाही. म्हणून आज बसून लिहितेय.

हा फुटबॉल म्हणजे अमेरिकेतला, लांबट चेंडू हातात घेऊन पळायचा, आणि तोही विद्यापीठांचा. वरच्या गटात सव्वाशेहून जास्त विद्यापीठं आहेत. अंगाचं इतकं भरीत होतं की आठवड्याला एकापेक्षा जास्त सामना खेळता येत नाही, त्यामुळे नियमित हंगामात एका संघाच्या वाट्याला साधारण बारा सामने येतात. सगळे सगळ्यांशी भिडले, गुण मोजले, वरचे दोघे फायनलला गेले, असं इथे होणं शक्यच नाही. विद्यापीठांचे गट आहेत, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात, आणि प्रत्येक कॉन्फरन्सचा विजेता ठरतो. पण या कॉन्फरन्सचा विजेता थोर की त्या, हे कुणीतरी बसून ठरवावं लागतं. १९९८पासून २०१३पर्यंत मतदान आणि संगणकाची क्रमवारी मिळून राष्ट्रीय विजेतेपदासाठी खेळायला फक्त दोन संघ निवडले जायचे. २०१४पासून तेरा जणांची समिती चार संघ निवडू लागली. २०२४पासून बारा.

मी कोल्हापूरची. आबा मला खांद्यावर बसवून खासबाग मैदानात कुस्त्यांना न्यायचे. महाराष्ट्र केसरीला गादीवर जिंकलेला आणि मातीत जिंकलेला, असे दोघे शेवटी समोरासमोर येतात आणि गदा कुणाच्या खांद्यावर जायची ते तिथेच ठरतं. वाद तिथेही होतात. पाठ टेकली की नाही, पंचांनी घाई केली का, यावरून लोक वर्षानुवर्षं बोलतात. पण तो वाद झालेल्या कुस्तीचा असतो. न झालेल्या कुस्तीत कोण पडला असता, यावरून कुणाला गदा नाकारलेली मी पाहिली नाही.

२०१३च्या ऑगस्टमध्ये मी एम.एस. करायला फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात आले. त्याच हंगामात आमचा संघ राष्ट्रीय विजेता झाला, जानेवारी २०१४मध्ये ऑबर्नला ३४-३१ असं हरवून. तेव्हा मला चार डावांत दहा यार्ड जायचं असतं एवढंच कळत होतं. २०१८पासून काही वर्षं संघ पार रसातळाला गेला, आणि त्या वर्षांतच मी खेळ शिकले. हरणाऱ्या संघाचे सामने शेवटपर्यंत बघताना खेळ जास्त कळतो असं माझं मत आहे.

मग आलं २०२३. पहिल्याच सामन्यात आम्ही एलएसयूला, म्हणजे लुईझियाना स्टेट विद्यापीठाला, ४५-२४ लोळवलं. क्लेमसनच्या घरच्या मैदानात जादा वेळेत ३१-२४. क्वार्टरबॅक होता जॉर्डन ट्रॅव्हिस. हल्ल्याचा प्रत्येक डाव ज्याच्या हातातून सुरू होतो तो हा खेळाडू. क्रिकेटमध्ये एकाच माणसावर इतकं ओझं असलेली जागा मला सुचत नाही. १८ नोव्हेंबरला नॉर्थ अलाबामाविरुद्ध मी स्टेडियममध्ये होते. पहिल्याच सत्रात ट्रॅव्हिस चेंडू घेऊन पळाला, त्याला खाली पाडलं, आणि तो उठला नाही. पाय गेला होता. त्याला गाडीवरून बाहेर नेताना अख्खं स्टेडियम गप्प होतं. त्या सामन्यात आम्ही ०-१३ असे मागे पडलो आणि शेवटी ५८-१३ जिंकलो.

पुढच्या आठवड्यात दुसरा क्वार्टरबॅक, टेट रोडमेकर. फ्लोरिडा विद्यापीठाच्या मैदानावर २४-१५ असे जिंकलो, पण त्यात त्याच्याही डोक्याला मार बसला. २ डिसेंबरला कॉन्फरन्सच्या फायनलला तिसरा उभा राहिला, ब्रॉक ग्लेन, पहिल्या वर्षाचा मुलगा. हल्ला चालेना हे सगळ्यांना दिसत होतं. मग बचाव करणाऱ्यांनी सामना अंगावर घेतला. लुईव्हिलला पूर्ण सामन्यात सहा गुण. १६-६. तेरा सामने, तेरा विजय, कॉन्फरन्सचं विजेतेपद.

दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, यादी जाहीर झाली. मिशिगन, वॉशिंग्टन, टेक्सस, अलाबामा. आम्ही पाचवे.

मिशिगन आणि वॉशिंग्टन न हरलेले, त्यांच्याबद्दल प्रश्नच नाही. टेक्सस एक हरलं होतं, पण त्यांनी सप्टेंबरमध्ये अलाबामाला अलाबामाच्याच मैदानावर ३४-२४ हरवलं होतं. म्हणून अलाबामाला घ्यायचं तर टेक्ससला आधी घ्यावं लागे, आणि समितीने तसंच केलं. अलाबामाचं कौतुकही मी मनापासून करते. आदल्याच संध्याकाळी त्यांनी सलग २९ सामने जिंकलेल्या जॉर्जियाला २७-२४ हरवलं होतं. त्या आठवड्यात देशात त्याहून मोठा विजय कुणाचाच नव्हता. पण त्याच अलाबामाचा त्याआधीचा सामना मी विसरू शकत नाही. ऑबर्नविरुद्ध ३२ सेकंद उरलेले, शेवटची संधी, ३१ यार्ड दूर, आणि तो चेंडू कोपऱ्यात झेलला गेला म्हणून ते वाचले.

समितीच्या अध्यक्षांनी कारण सांगितलं त्याचा सारांश असा: ट्रॅव्हिसशिवायचा हा संघ पहिल्या अकरा सामन्यांतला संघ राहिलेला नाही. नियमांत याला आधार आहे. महत्त्वाचा खेळाडू उपलब्ध नसेल तर त्याचा विचार करण्याची मुभा समितीला आहे, आणि निवडायचे आहेत सगळ्यात सरस संघ, असं लिहिलेलं आहे. माझी हरकत इथे सुरू होते. पाय मोडल्यानंतर दहा दिवसांनी, २८ नोव्हेंबरला, याच समितीने आम्हाला चौथं ठेवलं होतं आणि अलाबामाला आठवं. त्यानंतर आम्ही एक सामना खेळलो आणि तो जिंकलो. ट्रॅव्हिस २८ नोव्हेंबरलाही नव्हताच.

तिकडे रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते, पण आबा जागे होते. मी फोनवर सगळं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आगं, पोरगं पडलंच न्हाई, तर हरलं कसं?"

सरस कोण आणि मानकरी कोण, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. उद्या खेळले तर कोण जिंकेल, हा अंदाज. कुणी काय कमावलं, हा हिशेब. अंदाज हुशार माणसांचेही चुकतात, आणि याच समितीच्या पहिल्या वर्षीचं उदाहरण आहे. २०१४ साली ओहायो स्टेटचा पहिला क्वार्टरबॅक हंगामाआधीच जखमी झाला, दुसरा नोव्हेंबरच्या शेवटी. तिसरा, कार्डेल जोन्स, कॉन्फरन्सच्या फायनलला उभा राहिला आणि विस्कॉन्सिनला ५९-० हरवलं. समितीने त्यांना चौथं घेतलं. त्या तिसऱ्या पोराने अलाबामाला ४२-३५ आणि ओरेगनला ४२-२० हरवून राष्ट्रीय विजेतेपद आणलं. तिसऱ्या क्वार्टरबॅकचा संघ काय करू शकतो हे आधीपासून कुणाला कळतं?

लोक लगेच म्हणतात, ५९-० कुठे आणि १६-६ कुठे. मान्य आहे. मग ते ऑरेंज बाउलची, म्हणजे हंगाम संपल्यावर होणाऱ्या एका मानाच्या सामन्याची, आठवण काढतात. ३० डिसेंबरला जॉर्जियाने आम्हाला ६३-३ तुडवलं. मी तो सामना संपेपर्यंत पाहिला. पण त्या दिवशी आमचे वीसहून जास्त खेळाडू मैदानात नव्हते. कुणी व्यावसायिक लीगच्या तयारीला लागलं होतं, कुणी विद्यापीठ बदलत होतं, कुणी जखमी. विजेतेपदाची संधी असती तर त्यातले बहुतेक थांबले असते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ज्यांचं ताट आधीच ओढून घेतलं, ते नीट जेवले नाहीत म्हणून ताट ओढणं बरोबर होतं, असं मला कसं म्हणता येईल?

यापेक्षा अवघड प्रश्न माझ्या धाकट्या भावाने विचारला होता. "ताई, त्याच वर्षी लिबर्टी पण तेराच्या तेरा जिंकली होती. तिलाही घ्यायची का?" नाही. लिबर्टीने हंगामात तगडे प्रतिस्पर्धी पाहिलेच नव्हते, आणि कुणाला हरवलं हा हिशेबाचाच भाग आहे. पण हे म्हणताना मला २०१७ची सेंट्रल फ्लोरिडा टोचते. त्यांचाही गट लहान, बाराच्या बारा जिंकले, आणि समितीने त्यांना बाराव्या नंबरवर ठेवलं. मग त्यांनी ऑबर्नला ३४-२७ हरवलं. त्या वर्षी फायनल खेळलेल्या अलाबामा आणि जॉर्जिया या दोघांनाही ऑबर्नने नोव्हेंबरमध्ये हरवलेलं होतं. लहान गटातल्या न हरलेल्या संघाला एक मोठी कुस्ती लावून मिळाली पाहिजे, एवढं तरी मी त्या वर्षापासून मानते. बारा संघ झाल्यावर पाच कॉन्फरन्स-विजेत्यांना जागा राखीव झाल्या, त्यामुळे ती वाट आता थोडी उघडली आहे.

वाद मात्र संपला नाही, चौथ्या-पाचव्यावरून दहाव्या-अकराव्यावर गेला. २०२५च्या डिसेंबरमध्ये मायामी आणि नोटर डेम, दोघेही दहा जिंकून दोन हरलेले. समितीने आठवड्यामागून आठवडे नोटर डेमला वर ठेवलं होतं. शेवटच्या शनिवारी दोघांपैकी कुणीच खेळलं नाही, तरी रविवारी मायामी दहावी झाली आणि नोटर डेम अकरावी, बाहेर. इतके दिवस जो निकाल बाजूला ठेवला तो शेवटच्या दिवशी आठवावा, हे नोटर डेमच्या पोरांवर क्रूर होतं. ते सलग दहा सामने जिंकून आले होते. पण ३१ ऑगस्टला दोघे समोरासमोर आले होते आणि मायामी २७-२४ जिंकली होती.

मायामी म्हणजे आमचे पक्के वैरी. टॅलाहसीत त्यांचं नाव चांगल्या अर्थाने कुणी घेत नाही. शेजारचे काका, इथलेच, चाळीस वर्षं फ्लोरिडा स्टेटचं तिकीट काढणारे, त्या रविवारी कुंपणापलीकडून म्हणाले, "तू तरी त्यांच्या बाजूने बोलू नकोस." मी बोलले. दहाव्या नंबरची ती मायामी जानेवारीत फायनलपर्यंत पोहोचली आणि इंडियानाकडून २७-२१ हरली. ती पहिल्याच सामन्यात गारद झाली असती तरी माझं म्हणणं तेच राहिलं असतं.

यादी लागली त्या रविवारी रात्री आबांना फोन केला. आता त्यांना ऐकू कमी येतं, मोठ्याने सांगावं लागतं. दोन संघ, दोघांचे गुण सारखे, जागा एक, असं सांगितलं.

"त्या दोघांची कुस्ती झाली व्हती का?"

"झाली होती आबा. ऑगस्टमध्ये. मायामी जिंकली."

"मग?" म्हणाले, आणि औषध घ्यायला उठले.