आयपी कुणाच्या घरातला?

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादर कारखानदार अण्णांचं काम आमच्याकडे आलं. सोलापुरी चादरीला जीआय (भौगोलिक ओळखीचं) मानांकन आहे, तरी ‘सोलापुरी’ म्हणून भलताच माल ऑनलाइन खपवला जातो. असे विक्रेते आणि त्यांचे भाव रोज टिपणारा छोटा प्रोग्रॅम त्यांना हवा होता. आमच्या ऑफिसचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) एकच. सारखी पानं मागतो म्हणून एखाद्या साइटने तो ब्लॉक केला तर बाकीची कामं अडतात. म्हणून प्रॉक्सी, म्हणजे आपल्या वतीने दुसऱ्या आयपीवरून साइट उघडून देणारी सेवा, शोधायला बसलो.

डेटासेंटर प्रॉक्सीचे (सर्व्हरच्या केंद्रातले आयपी) पैसे बहुधा आयपीमागे, रेसिडेन्शियलचे (घरगुती लाइनचे आयपी) जीबीमागे. एक सेल्सवाला रेसिडेन्शियलसाठी हटूनच बसला: लाखो घरगुती आयपी आहेत, ब्लॉक होणारच नाहीत. त्याची ट्रायल घेतली. पॅनेलमध्ये शहर निवडता येत होतं. सोलापूर टाकलं, कनेक्शन लागलं. तो आयपी तपासला तर घरगुती ब्रॉडबँडचा. आयपीवरून शहर अचूक कळतंच असं नाही, पण लाइन कुणाच्या तरी घरातली होती. मी चरकलो.

असे आयपी अनेकदा फुकटच्या व्हीपीएन किंवा गेमच्या अ‍ॅपमधून मिळवतात. अ‍ॅपमध्ये प्रॉक्सी कंपनीचा एसडीके (तयार कोडचा तुकडा) घातलेला असतो आणि फोनवाल्याच्या डेटावरून परक्यांची ये-जा चालते. काही कंपन्या रीतसर विचारतात, मोबदलाही देतात. काही ठिकाणी त्या माणसाला पत्ताच नसतो. मे २०२४ मध्ये अमेरिकेने ‘९११ एस५’ हे जाळं मोडून काढलं; त्यात १ कोटी ९० लाखांहून जास्त आयपी होते. फुकट व्हीपीएन घेणाऱ्यांचे संगणक त्यात ओढले गेले होते आणि त्यांच्या आयपीआडून आर्थिक फसवणूक झाली होती. अशा गुन्ह्याचा माग आधी निघतो तो लाइनवाल्याच्या दारापर्यंत.

सेल्सवाल्याला विचारलं, संमती कोणत्या अ‍ॅपमधून घेता? “सगळं लीगल आहे सर.” अ‍ॅपचं नाव शेवटपर्यंत सांगितलं नाही.

अण्णांना सगळं समजावलं. ते म्हणाले, “आपलं नाव दुसरा वापरतो म्हणून एवढा खटाटोप, आणि आपणच कुणाची लाइन त्याला न विचारता वापरायची? नको बाळा.”

मग गरज पुन्हा तपासली. आम्हाला हव्या त्या साइटवर भाव आणि डिलिव्हरी पिनकोडवर ठरत होते, आयपीच्या शहरावर नव्हे. म्हणजे घरगुती आयपीची गरजच नव्हती! अण्णा स्वतः विक्रेते असल्याने बरीच माहिती साइटने विक्रेत्यांसाठी दिलेल्या अधिकृत एपीआयमधूनच (प्रोग्रॅमला थेट माहिती देणारी सोय) मिळाली. उरलेल्या पानांसाठी एका डेटासेंटरचे मोजके स्थिर आयपी महिन्याच्या भाड्याने घेतले. दोन रिक्वेस्टमध्ये काही सेकंदांचं अंतर ठेवलं. सर्व्हरने ४२९ (‘फार विनंत्या येताहेत’ हा इशारा) दिला की प्रोग्रॅम थांबतो, आयपी बदलून घुसत नाही. साइटच्या रोबोट्स फाइलमध्ये (प्रोग्रॅमनी कोणती पानं उघडू नयेत ते सांगणारी फाइल) मनाई असलेली पानं सोडून देतो. रात्रभरात यादी तयार होते आणि संशयित पानांचे स्क्रीनशॉट तारखेसकट सकाळी अण्णांच्या वकिलांकडे जातात.